शांतिनिर्मितीचे उच्च शिक्षण : भिवंडीचा धडा आणि आपले युवक

शांतीसाठी झटणाऱ्यांना प्रभू येशूने पर्वतावरील प्रवचनात देवाची लेकरे म्हणून गौरविले आहे. त्याच शिकवणुकीला अनुसरून पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक प्रसृत केले, तर पोप पॉल सहावे यांनी १९६८ पासून १ जानेवारी हा जागतिक शांती दिन म्हणून पाळण्याची प्रथा सुरू केली. मात्र शांती हा पदव्युत्तर अभ्यासाचाही विषय आहे, हे आपल्या अनेक धर्मग्रामस्थांना ठाऊक नसते. म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

भिवंडीने काय शिकविले?

या विद्येचे मोल जाणण्यासाठी दूर जावयास नको. ठाणे व कल्याण यांच्या शेजारी असलेल्या यंत्रमागांच्या भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. वस्तीवस्तीतील हिंदू व मुसलमान रहिवासी पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागले. किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले आणि अफवांची शहानिशा करण्यासाठी ओळखीची माणसे हाताशी राहिली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. पुढे मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. तिच्या धुरीणांत ज्यूलिओ रिबेरो हे आपल्या समाजातील निवृत्त पोलीस अधिकारी होते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दंगल उसळल्यावर सद्भावना अपुरी पडते. शांतीची बांधणी आधीच करावी लागते आणि तिचे तंत्र शिकता येते.

अभ्यासाचे स्वरूप

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ऑस्लो येथे शांतता संशोधन संस्था स्थापन केली. हिंसा थांबणे ही अर्धी शांती. अन्याय दूर होणे ही पूर्ण शांती, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत साधारणतः संघर्षाची कारणे, वाटाघाटी, मध्यस्थी, मानवी हक्क, समेट आणि क्षेत्रकार्य यांचा समावेश असतो.

शिक्षण कोठे मिळते?

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात २००४ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने शांतता व संघर्ष-निराकरण केंद्र स्थापन झाले. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी व शांतता अध्ययनाचा विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने याच विषयातील एम.ए. अभ्यासक्रम दूरशिक्षणाने उपलब्ध केला आहे.

परदेशात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा शांतता अध्ययन विभाग १९७३ पासून नावाजलेला आहे. अमेरिकेतील नॉत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात १९८६ साली क्रॉक संस्था स्थापन झाली. रोटरीच्या शांतता शिष्यवृत्तीतून शिक्षण, निवास व प्रवास यांचा खर्च भागतो. मात्र पदव्युत्तर पदवीसाठी किमान ३ वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. प्रवेशाचे नियम व मुदती बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी संबंधित संस्थेकडून त्या जाणून घ्याव्यात.

नोकरीचा प्रश्न

‘हे शिकून पोटापाण्याचे काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. या विषयाच्या नावाने जाहिरात होणाऱ्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. म्हणून कायदा, समाजकार्य, अध्यापन किंवा पत्रकारिता यांची जोड घेणे शहाणपणाचे, असे आम्हांस वाटते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मुंबईच्या निर्मला निकेतन या १९५५ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयात घेता येते. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यामुळे प्रशिक्षित मध्यस्थांना अधिकृत स्थान लाभले आहे. कारितास इंडियासारख्या सेवाभावी संस्थांतही अशा जाणकारांची गरज असते.

प्रारंभ घराजवळ

डोंबिवलीच्या सोसायटीत पाण्यावरून, पार्किंगवरून अथवा भाषेवरून होणारे वाद, कल्याणमधील प्रार्थनास्थळांचे जुने तंटे, कुटुंबातील वाटणीचे कलह, ही सारी या विद्येची पहिली पाठशाळा होय. पदवी परीक्षेनंतर युवकांनी १-२ वर्षे एखाद्या संस्थेत, विधी सहाय्य केंद्रात अथवा आपल्याच धर्मग्रामाच्या सामाजिक कार्यात वेचावीत. दोन्ही बाजूंचे म्हणणे निमूटपणे ऐकण्याची सवय तेथे लागते आणि उच्च शिक्षणासाठी लागणारा अनुभवही पदरी पडतो.

आपल्या धर्मग्रामांतून डॉक्टर, अभियंते, परिचारिका घडल्या. भिवंडीत जे कार्य एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाले, ते करू शकणारे प्रशिक्षित युवक-युवतीही आता घडावेत. पालकांनी व धर्मगुरूंनी त्यांना पाठबळ द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.