रामटेकच्या टेकडीचा लाल दगड

रामटेककरांनो, गडमंदिरावर आपण आयुष्यात किती वेळा गेलो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण ज्या दगडावरून चढतो, तो कधी नीट बघितला का?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर बसलाय. सह्याद्री त्याचाच, अजिंठा-वेरूळही त्याच्यातच कोरलेलं. आपली टेकडी मात्र त्या घराण्यातली नाही. नागपूर ओलांडून इकडं आलं की लाव्हा संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना खडक वर येतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'सौसर समूह' म्हणतात. वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडलं. कधीकाळची वाळू आणि चिखल जमिनीखाली दाबून, भाजून हा कठीण दगड झाला. उन्हात धरला की त्यातलं अभ्रक चमकतं. या समूहातल्या दोन थरांना तर आपल्याच तालुक्यातल्या गावांची नावं आहेत, मनसर आणि चोरबाहुली. मनसरच्या थरातच मँगनीज सापडतं.

हा दगड फोडला की आत लालसर निघतो. विज्ञान म्हणतं, हा लोहाचा रंग. आपल्या जुन्या लोकांनी वेगळं सांगितलं: नरसिंहानं हिरण्यकशिपूला इथं फाडलं, त्याच्या रक्तानं डोंगर शेंदरी झाला, म्हणून हा 'सिंदूरगिरी'. हे नाव नुसतं तोंडी नाही बरं का. यादव राजा रामचंद्राच्या काळातला लक्ष्मण मंदिरातला शिलालेखही या डोंगराला सिंदूरगिरीच म्हणतो.

आता गंमत बघा. याच डोंगरावर केवल नरसिंहाचं मंदिर आहे, वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. दंतकथेत एवढं रक्त, पण इथला नरसिंह निवांत बसलेला आहे. हातात चक्र आहे आणि हिरण्यकशिपू कुठंच नाही. म्हणून तर 'केवल'. सर्वसाधारण भाविक मात्र वर राममंदिराकडं निघून जातो, इकडं वळतच नाही.

या मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याचा. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान, म्हणून विदर्भाचा कारभार तिनंच चालवला. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट 'रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी' बसून दिलेला आहे. आपल्या नगरधनच्या आसपास वाकाटकांची राजधानी होती, त्यामुळे हा रामगिरी म्हणजे रामटेकच, असं वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी मांडलं. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरीही हाच, असं त्यांचं मत. काही अभ्यासक त्यासाठी छत्तीसगडच्या रामगढकडं बोट दाखवतात. तो वाद चालू राहू द्या.

तर तो शिलालेख. तो उजेडात आला १९८०च्या दशकात! तोवर भिंतीवरच्या चुन्याच्या लेपाखाली दडला होता. कोणीतरी भक्तीनंच चुना लावला असेल, मंदिर पांढरं-स्वच्छ दिसावं म्हणून. पण त्या हातानं विदर्भावर राज्य केलेल्या एका बाईच्या घराण्याची साक्ष झाकून टाकली.

मला काळजी याचीच वाटते. या डोंगराची वही दगडाचीच आहे. रामानं इथं राक्षसांच्या नाशाची 'टेक' घेतली म्हणून रामटेक, ही कथा आपण पोरांना सांगतो. श्रीचक्रधर स्वामी गुजरातेतून रामटेकच्या यात्रेलाच निघाले होते आणि वाटेत रिद्धपुरात त्यांना गोविंदप्रभू भेटले, हे महानुभाव मंडळी आजही सांगतात. या कथा तोंडातोंडी टिकतील. पण दगडावरचं अक्षर एकदा गेलं की गेलं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट, सिमेंट, टाइल्स आणि खडकावर 'अमुक लव्ह तमुक', हे सगळं नव्या जमान्याचा चुनाच आहे.

विकासाला विरोध नाही. रस्ता हवा, पाणी हवं, दिवेही हवेत. मागणी एवढीच, की डोंगरावरच्या कुठल्याही जुन्या भिंतीला हात लावण्याआधी पुरातत्त्वाचा माणूस बोलवा. झाडं तोडण्याआधी दहादा विचार करा, कारण हा उतार त्यांच्या मुळांनीच धरून ठेवलाय, आणि उतारावरची माती सुटली तर ती खाली अंबाळ्याच्या पाण्यात जाणार.

यंदा कार्तिक पौर्णिमेला गडावर जाल तेव्हा पाच मिनिटं केवल नरसिंहाकडं वळा. आणि पोरांना तो दगड दाखवा.