आरएनएच्या टोपीचा मागोवा

नांदेड-लातूरकडे सोयाबीनच्या जोडीला तुती लावून रेशीमशेती करणारे शेतकरी आता बरेच झालेत. शेडमध्ये बॅच सुरू असली की त्यांचा जीव रॅकवरच्या अळ्यांत अडकलेला असतो. अळ्या पाला खाईनाशा झाल्या, काही खुरटल्या, विष्ठा पांढरट पडली, की आतड्याच्या विषाणूचा संशय येतो. अशी अळी चिरली तर मधलं आतडं दुधट पांढरं निघतं. मग रोगट अळ्या वेचून नष्ट करायच्या आणि पुढच्या बॅचआधी चुना, ब्लीचिंग पावडरीने शेड निर्जंतुक करायची.

याच विषाणूवर जपानमध्ये मिशिमाच्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत यासुहिरो फुरुइची काम करत होते. विषाणू परीक्षानळीत आरएनए बनवी, पण रडतखडत. पेशीत मिथाइल गट पुरवणारं एक रसायन घातलं आणि आरएनए भराभर तयार होऊ लागला. ही १९७४ची गोष्ट. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि किनइचिरो मिउरा यांनी कारण दाखवलं: आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावर एक घटक उलटा जोडलेला होता आणि त्यावर मिथाइल होता. हीच ‘कॅप’, म्हणजे टोपी. त्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ती सापडली. तिच्यामुळे आरएनएचं टोक कुरतडलं जात नाही आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा त्याला ओळखते.

तान्ह्या मुलांना जुलाबांनी बेजार करणारा रोटाव्हायरस या रेशीमविषाणूच्याच गोतावळ्यातला. १९७३ साली मेलबर्नमध्ये रुथ बिशप आणि सहकाऱ्यांना तो आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या तुकड्यांत दिसला. त्याच्याकडे जनुकांचे ११ तुकडे आहेत, आणि व्हीपी३ हे त्याचं प्रथिन स्वतःच आरएनएला टोपी चढवतं. मिथाइल लावलेली टोपी पेशीच्या स्वतःच्या आरएनएवरही असल्याने पेशीचे पहारेकरी फसतात.

आरएनएच्या मधल्या भागावरची मिथाइलची खूणही १९७४ सालीच मिळाली, तीही उंदराच्या यकृताच्या गाठीतल्या पेशींत. आज यकृताच्या आणि आतड्याच्या कर्करोगात ती खूण लावणाऱ्या-पुसणाऱ्या विकरांवर संशोधन चालतं ते याच धाग्याने.

महाराष्ट्रात २०१९पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पाजतात. ती टोपीला हात लावत नाही. आतड्याला शत्रूची आधीच ओळख करून देते. तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएस आणि झिंक हाच उपाय आहे.