जर्मलचं पातेलं आणि विमानाचे पाय

अ‍ॅल्युमिनियमला आपल्या घरांत अजून ‘जर्मल’ म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा. हे नाव जर्मन सिल्व्हरवरून आलं असावं. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, अ‍ॅल्युमिनियम नसतंच. पण नाव चिकटलं ते चिकटलं. गंमत म्हणजे विमानाच्या कामाचं अ‍ॅल्युमिनियम खरोखरच जर्मनीत जन्मलं. त्यात आणि पातेल्यात काय फरक, हे आमच्या पिढीतल्या बेळगावच्या पोरांना खेळण्यातली विमानं करताना कळलं.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, युद्धकाळातली. पुढे तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं. १९७० च्या सुमारास गावालगत इंडालचा कारखाना उभा राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरांतलं बॉक्साइट तिथे येई. डोक्यावर विमान आणि वेशीवर अ‍ॅल्युमिनियम! मग पोरांना बाल्साच्या विमानांचा नाद लागला तर नवल काय?

पंख, शेपटी जमायची. अडायचं ते चाकांच्या पायांपाशी. विमान उतरतं तेव्हा सगळा दणका पायांवर येतो. हलक्या विमानाला सायकलच्या स्पोकची तार चाले. वजन किलोच्या वर गेलं की पट्टीचे पाय लागत. एकच पट्टी, मधला भाग पोटाखाली स्क्रूने बसवलेला, दोन्ही टोकं खाली वाकवलेली. ही युक्ती खऱ्या विमानांतलीच. अमेरिकेत स्टीव्ह विटमन यांनी पोलादी पट्टीचे असे पाय केले आणि सेस्ना कंपनीने ते उचलले.

भांड्याचं अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध, म्हणून मऊ. त्याची पट्टी पहिल्या दणक्यालाच फाकते आणि फाकलेलीच राहते. पुढच्या खेपेला पंखा जमिनीला लागतो. महिनाभराची मेहनत आणि महागाचा बाल्सा, दोन्ही गेलं.

यावरचा तोडगा आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये सापडला. ते काडतुसांच्या पितळेला पर्याय शोधत होते. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून त्यांनी ते तापवलं, पाण्यात बुडवलं. सुट्टीनंतर पुन्हा मोजलं तर नमुना आधीपेक्षा कडक! लोणचं मुरावं तसा धातू ठेवल्या जागी मुरला होता. ड्युरेन गावच्या कारखान्यात तो तयार होऊ लागला, म्हणून नाव ड्युरॅल्युमिन. १९१९ चं युंकर्स एफ १३ हे प्रवासी विमान त्याच धातूचं.

आता निवड कशी करायची? बँकेत सोनेतारण कर्ज देताना दागिना चमकतो म्हणून कुणी पैसे देत नाही, कस लावतात. इथेही तसंच. दुकानदार कुठल्याही पत्र्याला ‘ड्युरल’ म्हणेल. बोटभर पट्टी व्हाइसमध्ये धरून थोडी वाकवा आणि सोडा. जागेवर परत आली तर कामाची, वाकलेलीच राहिली तर पातेल्याची. पत्र्यावर शिक्का असेल तर २०२४-टी३ उत्तम. त्याची ताकद मऊ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण पाचपट. ६०६१-टी६ त्याहून कमी, पण वाकवायला सोपं आणि गंजतं कमी. दीड-दोन किलोच्या विमानाला २ ते ३ मिलिमीटर जाडी पुरते.

वाकवतानाही सांभाळायचं. पत्र्यावर लाटल्याच्या बारीक रेघा दिसतात, त्या पायाच्या लांबीला समांतर हव्यात. वाक काटकोनी नको. २ मिलिमीटरच्या २०२४ पत्र्याला निदान ८ मिलिमीटर त्रिज्येचा गोलावा द्या, नाहीतर तडा जातो. खुणा सुईने ओरखडून करू नका, तडा तिथूनच सुरू होतो. आणि सोपं जावं म्हणून गॅसवर तापवू नका. ताकद उतरते. ती परत आणायला ५०० अंशांच्या जवळपास नेमकं तापमान धरावं लागतं, ते घरच्या शेगडीवर जमत नाही.

आता नातवंडांना तयार पाय बाजारात मिळतात. तरी एक जोडी हाताने करू द्या. जर्मल आणि ड्युरल यांतला फरक पुस्तकापेक्षा बोटांना लवकर कळतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादच्या मंडळींनी आपल्या वेळी पत्रा कुठून आणला ते जरूर लिहावं.