कमानीचा तोल

दारावरच्या अर्धगोल बांधकामाला आपण कमान म्हणतो. शब्द फारसी, मूळ अर्थ धनुष्य. आमच्या घरी आजी ‘तीरकमान’ म्हणायची. त्या शब्दामागची कारागिरी मला कळली ती फार उशिरा, एका बुडालेल्या जहाजाविषयी वाचताना.

१९ जुलै १५४५. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री किनाऱ्यावरून पाहत असतानाच त्याचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडाले. शेकडो माणसे गेली. १९८२ साली जहाजाचा सांगाडा वर काढला गेला. गाळाने जपलेली १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण त्यात मिळाले.

ही धनुष्ये ‘यू’ नावाच्या झाडाची, पुरुषभर उंचीहून लांब. बाहेरचे पांढरट लाकूड ताण सोसते, आतले तांबूस लाकूड दाब सोसते. गाठ आली तिथे कारागिराने लाकूड थोडे जास्तच ठेवलेले दिसते.

खरी कसोटी तोल साधण्याची. आजही हाताने धनुष्य घडवणारा अर्धवट तासलेले धनुष्य खाचांच्या दांड्यावर बसवतो, दोरी थोडी थोडी ओढतो आणि दूर उभा राहून पाहतो. एक भुजा जास्त वाकली, तर ती दुबळी. पण तिला लाकूड परत देता येत नाही. ताठ भुजेचेच तासावे लागते. पुन्हा ओढायचे, पुन्हा पाहायचे. घाई केली, तर सगळा ताण दुबळ्या जागी येतो आणि धनुष्य मोडते.

दोन्ही भुजा हुबेहूब सारख्या करूनही भागत नाही. बाण मुठीवरून सुटतो, म्हणून मूठ मध्याच्या जरा खाली येते. खालची भुजा आखूड पडते; ती किंचित ताठ ठेवावी लागते. तोल म्हणजे सारखेपणा नव्हे, हे मला कवितेपेक्षा या लाकडाने स्पष्ट शिकवले.

आता दुसरी बाजू. त्या काळी इंग्लंडात सात वर्षांच्या मुलाला बापाने धनुष्य आणि दोन बाण द्यावेत, असा कायदाच होता. जहाजातले सांगाडे तपासले, तेव्हा बऱ्याच जणांच्या खांद्याच्या हाडाचे, विशीच्या आसपास सांधले जाणारे टोक सुटेच राहिलेले आढळले. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

लाकडावर किती ताण टाकायचा, हे कारागीर पदोपदी पाहत होता. ते ओढणाऱ्या पोराच्या खांद्याकडे मात्र कुणी पाहिले नाही.