एका चौकटीत अनेक तक्ते : कोल्हापूर परिसरातील गावदप्तराची वाटचाल

राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावदप्तरावरील वंशपरंपरागत ताबा त्यामुळे संपुष्टात आला. दप्तर वाचण्याची हातोटी मात्र पुढेही मोजक्या लोकांपुरतीच राहिली. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली गाव नमुन्यांना आजचे स्वरूप आले.

गाव नमुना 7 हे अधिकार अभिलेख पत्रक, तर नमुना 12 ही पिकांची नोंदवही. हे दोन स्वतंत्र तक्ते एकाच कागदावर मांडल्याने ‘सातबारा’ घडला. संगणकाच्या पडद्यावर एकाच चौकटीत अनेक तक्ते दाखविण्याची युक्ती महसूल खात्याने कागदावर आधीच साधली होती, असे म्हणावयास हरकत नाही. फेरफाराचा नमुना 6 व खातेनिहाय क्षेत्राचा 8-अ मात्र वेगळ्या वह्यांत राहिले. एका वारसनोंदीसाठी तलाठ्यास तीन वह्या उघडाव्या लागत. एकीत बदल होऊन दुसरीत राहून गेला की क्षेत्राचा मेळ बसत नसे, आणि त्याची झळ कर्ज किंवा खरेदीखताच्या वेळी शेतकऱ्यास बसे.

वारणा खोऱ्यात 1998 मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भर ऊस व्यवहारावर होता. ई-फेरफार प्रणालीने पुढे नमुना 6, 7 व 8-अ परस्परांशी बांधले. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर तिचा अंमल संबंधित तक्त्यांवर होऊ लागला. त्यापूर्वी हस्तलिखित सातबारा संगणकीय सातबाऱ्याशी तंतोतंत जुळविण्याचे किचकट काम करावे लागले. जुन्या कागदावर कमी केलेले नाव कंसात राही. 2020 च्या सुधारित नमुन्यात त्यावर आडवी रेघ आली.

तंतोतंत जुळणीमुळे जुने रकानेही जसेच्या तसे पडद्यावर आले. वारसनोंदीत भावांची नावे भोगवटादार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्क’ सदरी घालण्याचा प्रघात गावोगाव होता. 1994 च्या राज्य दुरुस्तीने काही मर्यादांसह व 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना सहदायाद मानले. तरीही ज्या बहिणीचे नाव उजवीकडच्या रकान्यात होते, ते संगणकावरही तिथेच उतरले. ते डावीकडे आणण्यासाठी स्वतंत्र फेरफार लागतो.