गरमी, परमा आणि तिसरा आजार

मंडळी, आज लेण्यांवर नाही, एका आजारावर लिहितोय. जुन्या वाचकांना जरा अवघडल्यासारखं होईल. घरात चारचौघं बसलेली असतील तर नंतर वाचा, पण वाचा.

अजिंठ्यात माझं मेडिकल आहे, बरीच वर्षं झाली. काउंटरवर गर्दी असली की काही माणसं बाजूला उभी राहतात, उगीच खोकल्याच्या गोळ्या घेतात, गर्दी सरली की परत येतात. असाच एक पोरगा आला. (ओळख पटू नये म्हणून त्याचं गाव आणि साल सांगत नाही. लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.) हातात शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी, तिच्यावर ॲसायक्लोव्हिर. म्हणाला, "काका, हे नागिणीचं औषध आहे ना?" म्हटलं, "नागिणीलाही देतात. तुला कुठं झालंय?" तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दोन महिन्यांनी लग्न आहे. तिला सांगू का?"

त्याला जननेंद्रियाचा हर्पीस झाला होता. या आजाराला मराठीत धड नावच नाही. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, कमरेला नाहीतर छातीला पट्टा उठतो, आणि तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो ही आपली जुनी भीती खोटी आहे. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. हे दोन्ही जंतूंचे आजार, योग्य औषधानं बरे होतात. हर्पीस हा तिसरा. पण नाव नसल्यानं कुणी त्याला नागीण म्हणतं, कुणी गरमी. आणि 'गरमी' हा शब्द घरात उच्चारला गेला की पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

या आजारांची नावं नेहमीच दुसऱ्याच्या माथी मारलेली असतात. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात सिफिलिसला 'फिरंग रोग' म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. युरोपात इटलीवाले त्याला फ्रेंचांचा रोग म्हणायचे आणि फ्रेंच म्हणायचे नेपल्सचा रोग! आपल्यापासून सुरू झाला असं कुणीच म्हणेना.

इंग्रज सरकारनं मग तो बायांच्या माथी मारला. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा बघा. वेश्याव्यवसायातल्या बायांची नोंदणी, त्यांची सक्तीची तपासणी, रोग सापडला की 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बंद. गिऱ्हाईक मात्र मोकळं. १८८८ साली तो १८६८ चा कायदा रद्द झाला. डोक्यातला गेला असं मला काउंटरवर उभं राहून तरी वाटत नाही.

आपल्याकडं याविरुद्ध उघड बोलणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर त्यांनी वेगळं पुस्तकही लिहिलं. मासिकात वाचक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. उपदेश नाही, शाप नाही. १९३४ साली या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी पुढं १९५० मध्ये आपल्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. तरी मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे जाईपर्यंत चाललं. ती पत्रं लिहिणारे कोण असतील? माझ्या काउंटरवर बाजूला उभे राहणारेच ना!

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. सगळेच काही संसर्गाचे आजार नव्हते, पण दुखणं अंगावर काढणं सगळीकडं सारखंच. नवऱ्याला काय आहे हे बायकोला माहीत नाही आणि बायकोला काय आहे हे कुणालाच नाही.

आता हर्पीसचं. हा विषाणू एकदा आला की कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहतो. जात नाही. अधूनमधून पाण्याचे बारीक फोड येतात, दुखतात, फुटतात, सुकतात. बहुतेकांना वर्षागणिक कमी होत जातात. कित्येकांना फोड कधी येतच नाहीत, म्हणजे आपल्याला आहे हेच त्यांना माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात १५ ते ४९ वयाच्या पाचातल्या एकाहून जास्त माणसांना जननेंद्रियाचा हर्पीस आहे. लागण झाल्यावर कित्येक वर्षांनीही पहिला फोड येऊ शकतो. म्हणून सूनबाईला फोड आले म्हणजे तिनं काल-परवा काही केलं, हा हिशेब चुकीचा. ओठावर तापाचे फोड आणणारा याचा भाऊबंद विषाणूसुद्धा तोंडावाटे खाली पोचतो.

फोड नसतानाही दुसऱ्याला लागण होऊ शकते, हे त्या पोराला सांगताना मलाच जड गेलं. पण धोका कमी करता येतो. फोड असताना किंवा तिथं झिणझिण्या सुरू झाल्या की संबंध टाळायचे. एरवी निरोध. त्यानं पूर्ण नाही, बरंचसं रोखलं जातं. २००४ साली एका मोठ्या अभ्यासात १४८४ जोडपी होती, एकाला आजार, दुसऱ्याला नाही. आजार असलेल्यानं रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तर जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यानं घटली. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो नंतरचा एक अभ्यास: ज्यांच्या जोडीदारानं "मला हे आहे" असं आधी सांगितलं होतं, त्यांना लागण कमी झाली. नुसतं सांगितल्यानं! कारण मग दोघंही जपतात.

हेच त्याला सांगितलं. म्हटलं, "लग्नाआधी सांग, पण आधी घाटीत त्वचा व गुप्तरोग विभागात जा, नीट समजून घे, मग सांग." सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजाराची लाल पाकिटातली गोळी फुकट मिळते, हेही सांगितलं.

तीन आठवड्यांनी परत आला. या वेळी गर्दीतच आला. म्हणाला, "सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. मग एकच विचारलं, लेकरांचं काय?" मी म्हटलं, हा प्रश्न तिनं विचारला हे बरंच झालं. बाळाला सगळ्यात जास्त धोका आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर असतो, तेव्हा त्या काळात जास्त जपायचं. दिवस गेले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं, लपवायचं नाही. बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात. हे सगळं त्यानं चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, तिला दाखवायला.

कुणाला काही विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये विचारा. नाव सांगितलं नाही तरी चालेल.