वाचा गेली, बुद्धि राहिली

सन १७८३ च्या जून महिन्यांतील १७ व्या तारखेस पहाटे तीनच्या सुमारास डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांस लंडनमधील आपल्या घरीं जाग आली. इंग्रजी भाषेचा प्रख्यात कोश रचणारे हे पंडित त्या वेळीं ७३ वर्षांचे होते. डोक्यांत क्षणभर कांहीं गोंधळ उडाल्यासारखें झालें. त्यांनीं देवास विनविलें कीं, शरीरास वाटेल ती पीडा दे, पण बुद्धि तेवढी शाबूत ठेव. आणि ती शाबूत आहे कीं नाहीं हें पारखण्यासाठीं ही प्रार्थना त्यांनीं लॅटिन पद्यांत रचून पाहिली. पद्य कांहीं फारसें साधलें नाहीं. परंतु तें साधलें नाहीं हें आपणांस समजतें आहे, यावरूनच आपली बुद्धि ठिकाणावर आहे असा निर्वाळा त्यांनीं स्वतःस दिला! मग बोलूं गेले, तों तोंडांतून शब्द उमटेना.

वाचा मोकळी व्हावी म्हणून त्यांनीं थोडें मद्य घेऊन पाहिलें. उपयोग झाला नाहीं, तेव्हां ते चक्क झोपी गेले. उजाडल्यावर त्यांनीं एक चिठ्ठी लिहिली. लिहितांना हात मधून मधून भलतींच अक्षरें काढी. चाकर बोलत बोलतच खोलींत आला, आणि धनी न बोलतां हातीं कागद कां देत आहेत, याचा त्यास लगेच उलगडा होईना. पुढें शेजाऱ्यास व डॉक्टरांस पत्रें गेलीं, उपचार झाले, आणि थोड्याच दिवसांत वाचा बरीचशी परत आली. १७८४ च्या डिसेंबरांत ते वारले.

त्या चाकराचा गोंधळ आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. एकदां आम्ही एका घरीं समाचारास गेलों होतों. घरच्या वडील माणसाचें उजवें अंग लुळें पडून वाणी बंद झालेली. त्यांच्या उशाशीं बसून मुलगे ‘आतां दादांना काय कळतंय!’ असें म्हणत घराच्या वांटणीची भाषा करीत होते, आणि दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. ‘अंगावरून वारं गेलंय, डोळे गळायचेच,’ असा त्याचाहि खुलासा एकानें केला.

हें ‘वारें’ फार जुनें आहे. आपल्या वैद्यकानें हा रोग वाताच्या पदरीं घातला. ‘अर्धांगवायु’ हें नांव त्यावरूनच आलें. ग्रीकांनीं फटका बसून कोसळणें अशा अर्थाचा शब्द योजिला. पण शास्त्रकारांनीं कांहींहि म्हटलें तरी सामान्य माणसाची नजर लुळ्या हातापायांवरच खिळलेली. कबुतराचें रक्त चोळण्याचा उपाय आपल्याकडे अजून ऐकूं येतो, त्याचें मूळ याच नजरेंत असावें. १६५८ सालीं योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानें या रोगानें मेलेल्यांचीं शवें उघडून मेंदूंत सांडलेलें रक्त दाखविलें, आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचें वर्णन केलें. दोष हातांत नाहीं, मेंदूंत आहे. एकतर धमनी गुठळीनें तुंबते, नाहींतर फुटते; त्या भागास रक्त मिळेनासें होतें आणि त्याच्या ताब्यांतील अवयव हुकुमावांचून पडून राहतात. मेंदूंतून निघणारे मज्जातंतु वाटेंत बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूच्या दुखण्यानें उजवें अंग जातें. आणि वाणीचें ठाणें बहुतेकांच्या डाव्या मेंदूंतच असल्यामुळें त्याबरोबर पुष्कळदां बोलणेंहि जातें.

वाणी आणि बुद्धि यांचीं ठाणीं निराळीं आहेत, ही गोष्ट १८६१ सालीं पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत उजेडांत आली. तेथें लबोर्न नांवाचा एक रोगी होता. काहींहि विचारा, उत्तर एकच : ‘तां, तां.’ त्यावरून त्याचें नांवच ‘तां’ पडलें होतें. त्याचा विकार एकाएकीं आलेल्या झटक्याचा नव्हता, हें खरें. परंतु उजवें अंग लुळें व वाणी नष्ट, ही अवस्था तीच. शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं त्यास विचारलें, येथें येऊन किती वर्षें झालीं? त्यानें डाव्या हाताचा पंजा चार वेळां उघडला आणि वर एक बोट दाखविलें. एकवीस! हिशेब बिनचूक होता. एकवीस वर्षें हा माणूस मोजीत होता, आणि ‘तां’ यापलीकडे जवळजवळ एक शब्दहि त्यास उच्चारतां येत नव्हता. थोड्याच दिवसांनीं तो वारला, तेव्हां ब्रोका यांस त्याच्या डाव्या मेंदूच्या पुढील भागांत क्षत आढळलें.

आतां उपचाराविषयीं. मेंदूचें चित्र घेणारें सी. टी. यंत्र १९७१ सालीं प्रथम रोग्यावर वापरलें गेलें, तेव्हांपासून धमनी तुंबली कीं फुटली हें जिवंतपणीं कळूं लागलें. हा भेद जीवनमरणाचा आहे. कारण गुठळी विरघळविणारें जें औषध १९९५ च्या प्रयोगांनंतर प्रचारांत आलें, तेंच रक्तस्रावांत घातक ठरतें. शिवाय तें साधारणपणें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तोंड वांकडें झालें, हात उचलेना, बोबडी वळली, तर जॉन्सनसाहेबांसारखें झोपी जाण्याची आज सोय नाहीं! मेलेला भाग पुन्हा उगवत नाहीं. पण शेजारचे व समोरच्या बाजूचे भाग सरावानें त्याचें कांहीं काम उचलतात. यासाठीं लुळा हात रोज, शेंकडों वेळां, कंटाळा येईपर्यंत वापरावा लागतो. कित्येकांस साधें ‘पाणी’ म्हणतां येत नाहीं, पण लहानपणापासूनची आरती मात्र शब्दांसह म्हणतां येते, कारण गाण्याचा मार्ग बोलण्याहून कांहींसा निराळा आहे.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजीं लुई पाश्चर यांचें डावें अंग असेंच गेलें. वय ४५. वाणी मात्र वांचली. आठवडाभरांतच रेशमाच्या किड्यांच्या रोगाविषयीं एक टिपण त्यांनीं अंथरुणावरून सांगून लिहविलें. इकडे त्यांच्यासाठीं चाललेलें नव्या प्रयोगशाळेचें बांधकाम सरकारी माणसांनीं थांबविलें होतें; मरणाऱ्या माणसासाठीं खर्च कशाला, हा हिशेब! पाश्चर यांनीं तें ओळखलें आणि तें त्यांच्या मनास फार लागलें. गोष्ट बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या कानीं गेल्यावर काम पुन्हां सुरू झालें. त्यानंतर सतरा वर्षांनीं, १८८५ च्या जुलैमध्यें, पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलास पाश्चर यांची लस देण्यांत आली. सुई डॉक्टर ग्रांशे यांनीं टोंचली. पाश्चर जवळ उभे होते. त्यांचा डावा हात पूर्वीसारखा कधींच झाला नाहीं.